दोराच्या कार्डाचा निकाल

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. नोएडात दिवसभर लोकांच्या ईमेल वाचून त्यांना नक्की काय म्हणायचंय ते शोधण्याचं माझं काम आहे. तिथे मी शांत असते, कारण पगार मिळतो. घरी मात्र कोणी एक वाक्य दोन तऱ्हेने वाचायला लागलं की माझी कानशिलं गरम होतात.

आणि आमच्या घरी रविवारी दुपारी नेमकं तेच चालतं. जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि त्यावर भुयार मांडायचं. भुयार म्हणजे बोर्डगेम. नवऱ्याने मुलीच्या तेराव्या वाढदिवसाला आणला. खोक्यावर त्याचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण पुढे माझ्या वडिलांनी त्याचं ‘भुयार’ केलं आणि तेच राहिलं. मुलगी दिल्लीतच वाढलेली. तिने पहिल्यांदा विचारलं, “भुयार मतलब?” मी म्हटलं, “टनेल गं.” तर म्हणाली, “अच्छा, मग टनेलच म्हणा ना.” कोणी म्हटलं नाही.

खेळ साधा आहे. आपण चौघं जमिनीखालच्या एका जुन्या नगरात उतरतो. एकेक खोली उघडत जायचं, खजिना गोळा करायचा आणि दिव्यातलं तेल संपायच्या आत वर यायचं. ज्याच्याकडे जास्त खजिना तो जिंकला. ज्याचं तेल आतच संपलं तो मेला. वाटेत कार्डं उचलायची, आणि सगळी भानगड त्या कार्डांवर आहे. प्रत्येकावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात दोन ओळी. ज्याने कोणी त्या लिहिल्या, त्याने आपल्या घरच्यांबरोबर हा खेळ एकदाही खेळून पाहिला नसणार. नाहीतर त्याने चार ओळी लिहिल्या असत्या.

पहिल्याच महिन्यात मशालीच्या कार्डावरून माझं आणि नवऱ्याचं वाजलं. मशाल असलेल्या खेळाडूला अंधारात इजा होत नाही, असं कार्डावर होतं. मशाल माझ्याकडे होती. नवरा माझ्याच खोलीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मलाही उजेड दिसतोय, मलाही इजा नाही. मी म्हटलं, मशाल माझी आहे, तू आपली आण. तो म्हणाला, “जाऊ दे ना यार, गेम आहे.” हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नसतं, हे त्याला लग्नाला सतरा वर्षं झाली तरी कळलेलं नाही. माझा आवाज चढला. मुलगी कानावर हात ठेवून बसली.

तेवढ्यात बाल्कनीचं दार सरकलं आणि बाबा आत आले.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. आई गेली त्या हिवाळ्यात ते उत्तर दिल्लीतलं, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूचं घर बंद करून आमच्याकडे, दिल्लीच्याच विमानतळाजवळ द्वारकेला आले होते. दोन बॅगा आणि आईचा स्टीलचा डबा, एवढंच सामान. आल्यापासून दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून विमानं बघायचे. जेवायला हाक मारली की “आलो”, भाजी वाढू का विचारलं की “चालेल”. माझा बाप असा नव्हता. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी हुज्जत घालणारा माणूस होता तो. आईशी तर एका वर्तमानपत्रावरून सकाळचा तास तास वाद व्हायचा. आता त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि मी रोज रात्री मेट्रोतून उतरून घरी येताना घाबरलेली असायची, की आज आणखी किती गप्प झाले असतील.

तर ते बाबा माकडटोपी घालून टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, “मूळ कागद दाखवा.”

नवऱ्याने मुकाट्याने कार्ड दिलं. बाबांनी चष्मा पुसला, कार्ड तीनदा वाचलं, मग नियमांचं पुस्तक मागितलं. तेही पहिल्या पानापासून वाचलं. आम्ही तिघं वीस मिनिटं हाताची घडी घालून बसून राहिलो. मग त्यांनी विचारलं, “याआधी असा प्रसंग आला होता का? तेव्हा काय केलंत?” आम्ही म्हटलं, नाही आला. तेव्हा ते म्हणाले, “ऑफिसात पंखा एकाच्या टेबलावर असतो. पण वारा खोलीतल्या सगळ्यांना लागतो, त्याला कोणी हरकत घेत नाही. उजेडाचंही तसंच. जावईबापूंना इजा नाही.”

मी हरले. बाबांनी पस्तीस वर्षं मंत्रालयात हेच केलं होतं. केंद्र सरकारच्या देशभरातल्या ऑफिसांतून पत्रं यायची, की रजेच्या नियमात असं असं लिहिलंय, आमच्याकडे असा असा माणूस आहे, तर याचा अर्थ काय धरायचा. आणि बाबांचा सेक्शन खुलासा करायचा. त्या संध्याकाळी त्यांनी आपण होऊन चहा मागितला आणि त्यात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, खरंच सांगते.

दुसऱ्या रविवारी ते स्वतःच खेळायला बसले. तिसऱ्या रविवारी मार्केटमधून एक फाइल, कागद ओवायच्या टॅगचं बंडल आणि टाचण्यांची डबी घेऊन आले. पद्धत ठरली. खेळताना भांडायचं नाही. ज्याला हरकत असेल त्याने अर्ध्या कागदावर अर्ज लिहायचा: कुठलं कार्ड, काय झालं, काय मागणं आहे. अर्जाबरोबर एक टिपण हवं, ज्याला बाबा नोटिंग म्हणायचे, आणि मागचे निर्णय असतील तर त्यांना चिठ्ठीचा फ्लॅग लावायचा. मग बाबा वाचणार, विचार करणार आणि सहीनिशी निर्णय देणार. एकदा दिलेला निर्णय लेखी मागे घेतला जाईपर्यंत लागू.

हसू नका. आमच्या घरात रविवारी शांतता नांदायला लागली ती या अर्जांमुळे. शेजारच्या पंजाबी आंटींना वाटलं आम्ही खेळ बंद केला. मुलगी तर इतकी तयार झाली की शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी आजोबांना अर्ज द्यायची. मेलेल्या खेळाडूचं सामान कोणाचं, झोपलेल्याला साप चावतो का, खजिना उचलून परत ठेवला तर तो उचललेला धरायचा की नाही. बाबा सकाळी फिरायला जाताना त्यावर विचार करायचे आणि येताना आठव्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर त्यालाही विचारायचे. मी ऑफिसातून फोन केला की म्हणायचे, “आत्ता नको, तुझ्याच प्रकरणात आहे.” ह्याहून जास्त मला काही नको होतं.

मग आलं दोराचं प्रकरण.

मुलगी खड्ड्यात पडली. खड्ड्यात पडलेल्याने पाच डाव बसून राहायचं, तेल मात्र जळत राहतं. तिच्या पिशवीत दोराचं कार्ड होतं. बाबांनी ते मोठ्याने मराठीत वाचलं: “खड्ड्यात अडकलेल्या खेळाडूला बाहेर काढण्यासाठी हे कार्ड वापरा.” वापरायचं कोणी, ते लिहिलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, दोर माझा, खड्डा माझा, मी निघाले. नवरा म्हणाला, वर कोणी धरायला नको का. अर्ज झाला. या वेळी बाबांनी आठवडा घेतला.

निर्णय मला अजून पाठ आहे. सरकारी नोकरीत माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावर असला तरी स्वतःची रजा स्वतः मंजूर करू शकत नाही. ती वरच्याने करायची. खड्ड्यातला माणूस खाली आहे. तेव्हा दोर वरच्याने टाकायचा. अर्ज नामंजूर.

आम्हाला हे इतकं पटलं की नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मुलगी दोर मांडीवर घेऊन पाच डाव खड्ड्यात बसली आणि मी, तिची सख्खी आई, दोन पेट्या घेऊन तिच्या डोक्यावरून निघून गेले. खेळ आहे, मी काय करणार. त्यानंतर वर्षभर दोराचं कार्ड कोणी ठेवेना. स्वतःच्या कामाचा नाही, आणि दुसऱ्याला काढून आपला डाव कोण घालवणार? आलं की टाकून द्यायचो. फक्त बाबा ठेवायचे. नात पडली की लांबून, असेल तिथून वळून यायचे, तिला काढायचे आणि त्या नादात स्वतः तेलावाचून मरायचे. बहुतेक रविवारी असंच.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी मटार सोलत बसले होते. मुलगी आली आणि तिने एक कागद माझ्या पुढ्यात धरला. खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर प्रश्नोत्तरांचं पान होतं, ते तिने मार्केटमधून छापून आणलं होतं. एका प्रश्नाखाली तिने पिवळी रेघ मारली होती. खड्ड्यात पडलेला खेळाडू स्वतःचा दोर स्वतःसाठी वापरू शकतो का? उत्तर: हो, म्हणून तर तो बरोबर न्यायचा.

मी आधी हसले. मग कागद उलटून पाहिला. मागेपुढे प्रश्नच प्रश्न होते. मेलेल्याचं सामान, झोपलेल्याचा साप, सगळं. सगळ्याची उत्तरं कंपनीने देऊन ठेवली होती, एकेका ओळीत. आमच्या फाइलमधले अर्धे निर्णय त्यात चूक निघाले असते. पण चुकीचं मला काही नव्हतं. मला एवढंच दिसलं, की हा कागद घरात आला म्हणजे आता बाबांना कोणी काही विचारणार नाही. फोन काढायचा, पान बघायचं, झालं. आणि बाबा परत बाल्कनीत.

“आजोबांना हे दाखवायचं नाही,” मी म्हटलं.

“पण ते चूक आहेत, आई.”

“असू देत.”

“मी त्या दिवशी जिंकले असते.”

“असतीस. पण दाखवायचं नाही म्हणजे नाही. कळलं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या डोळ्यांदेखत चोरी केली होती. पण मान हलवली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “बिल्कुल. कशाला त्यांना दुखवायचं.” आम्ही दोघांनी ठरवून टाकलं, की काही दिवस अर्जच करायचे नाहीत. वाद निघाला नाही म्हणजे कागदही निघणार नाही. मला माझ्या शहाणपणाचं फार कौतुक वाटलं.

पुढचे तीन रविवार आमचा खेळ काय सुरेख चालला. बाबांनी कार्ड कसंही वाचलं तरी आम्ही मान डोलवायचो. “तुम्ही म्हणाल तसं, बाबा.” “घ्या ना, तुमचंच बरोबर आहे.” एकदा तर त्यांनी एकच खजिना चुकून दोनदा मोजला आणि नवरा म्हणाला, असू दे, असू दे. मुलगी मात्र तोंड फुगवून बसायची, आपला डाव खेळायची आणि उठून जायची. आजोबांशी बोलणंही तिने कमी केलं होतं. मी म्हटलं, वय आहे, जाईल. बाबा खेळ संपला की लगेच शाल घेऊन बाल्कनीत जायचे. धुक्यात विमानंही दिसत नव्हती. मी म्हटलं, थंडी आहे, थोडे दिवस मन लागत नसेल. माणूस डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचं म्हटलं की किती कारणं सापडतात.

चौथ्या रविवारी मी खड्ड्यात पडले.

त्या दिवशी माझा खेळ जन्मात जमला नव्हता असा जमला होता. चार पेट्या, तेल भरपूर, दारापासून दोन खोल्या. कार्ड उचललं तर खड्डा. आणि पिशवीत दोर, आदल्याच डावात आलेला, टाकायचा राहून गेलेला. बाबांनी त्यांचा दोर आधीच नातीवर खर्च केला होता. एक डाव बसले. दुसरा बसले. नवरा माझ्या डोक्यावरून गेला आणि जाताना माझ्याकडे बघून हसला. तिसऱ्या डावाला मुलगी गेली. तेल संपत आलं होतं आणि दोराचं ते कार्ड माझ्या हातात होतं. माझी कानशिलं गरम झाली, आणि तोंडातून निघून गेलं, “अहो बाबा, सगळ्या जगात माणसं आपापल्या दोराने बाहेर येतात. एका आमच्याच घरी वरून मंजुरी लागते.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याने हातातलं कार्ड हळूच खाली ठेवलं.

“सगळ्या जगात म्हणजे?” बाबांनी विचारलं. “तुला कसं माहीत?”

मी म्हटलं, “असं आपलं वाटलं.”

बाबा उठले. कपाटातून फाइल आणली आणि दोराच्या प्रकरणावर उघडली. अर्ज होता, निर्णय होता आणि त्याच्या मागे, टॅगमध्ये व्यवस्थित ओवलेला, पिवळ्या रेघेचा तो कागद होता. त्याला फ्लॅगसुद्धा लावलेला होता.

मी मुलीकडे वळले. “मी तुला सांगितलं होतं ना, दाखवायचं नाही?”

“मी दाखवला नाही,” ती म्हणाली. “फाइलला लावला. त्याच दिवशी. आजोबांनी वाचला असणार, पण काही बोललेच नाहीत. मला वाटलं, स्वतःचं चुकलं म्हणून त्यांनी दाबून ठेवलं.” एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. तेव्हा कळलं, तीन आठवडे ही मुलगी कशामुळे फुगली होती.

“दाबून कशाला ठेवीन?” बाबा म्हणाले. “कागद आला, मी वाचला. बरोबर आहे तो. माझा निर्णय चुकला. पण त्यावर कोणाचं नोटिंग नाही, कोणाची सही नाही. मी वाट बघत होतो, कोणीतरी घेऊन येईल.”

“अहो, मग विचारायचं ना,” नवरा म्हणाला.

बाबांनी चष्मा काढला. “रिटायर व्हायच्या आधीचा महिना आठवतोय मला. माझ्या टेबलावर फायली येणं बंद झालं होतं. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. आता याला कशाला त्रास, असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. आणि सगळे इतके गोड बोलायचे. मी काहीही म्हटलं तरी, बरोबर आहे साहेब.” ते थांबले आणि मग माझ्याकडेच बघून म्हणाले, “गेले तीन रविवार तुम्ही फार गोड बोलताय.”

मला काय वाटलं ते मी कसं सांगू. ज्या बाल्कनीची मला भीती होती, तिकडे मीच त्यांना हाताला धरून नेऊन बसवलं होतं, वर शाल पांघरून. मी म्हणाले, “बाबा, मला वाटलं तुम्हाला लागेल.”

“लागलं असतं,” ते म्हणाले. “चार दिवस बोललो नसतो तुमच्याशी. मग?”

बाबांनी कोरा कागद घेतला आणि तिथेच दोराचा जुना निर्णय मागे घेतला, कारणांसकट, आणि खाली सही केली. नातीला म्हणाले, तुझा तो डाव तू जिंकली होतीस असं धरण्यात येत आहे. मुलगी हसायला लागली, मग रडायला लागली, मग आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून दोन्ही करत बसली. मला त्यांनी हाताने खूण केली, की ये बाहेर खड्ड्यातून.

मी आले नाही. मी अर्धा कागद ओढला आणि अर्ज लिहायला घेतला. लिहिलं: बाबा खेळतातही आणि निकालही देतात. स्वतःच्या चालींचा निकाल ते स्वतःच देतात. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी एक खजिना दोनदा मोजला, तोही त्यांनीच ग्राह्य धरला. जो माणूस स्वतःची रजा मंजूर करू शकत नाही, त्याने स्वतःचा खजिनाही मंजूर करू नये. हे आजपासून बंद व्हावं. नवऱ्याने सही केली, मुलीने डोळे पुसून सही केली, आणि मी कागद बाबांच्या पुढ्यात आपटला.

बाबांनी चष्मा चढवला. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. कान लाल झाले, मानेची शीर उभी राहिली, आणि टेबलावर हात मारून ते म्हणाले, “म्हणजे मी लबाडी केली असं म्हणायचंय तुला? सिद्ध कर.” आईशी भांडताना त्यांचा आवाज असाच चढायचा. तो मी दोन वर्षांनी ऐकत होते. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली.